निद्राच्छेद : वत्सगुल्मापासून चरकापर्यंत निद्रानाशाचा इतिहास

१. झोप न येणे ही मोबाइलच्या पडद्याने आणलेली व्याधी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत तिची नोंद आहे आणि कारणमीमांसाही आहे. या शोधाचा एक धागा आजच्या वाशिमपर्यंत पोहोचतो.

२. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये येथे सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिला गेला होता. याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले.

३. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’त राजांच्या अंतःपुरांतील चालीरीती सांगताना वत्सगुल्माच्या लोकांचा नामोल्लेख येतो. त्याच अधिकरणाच्या आरंभी अनुरागाच्या दहा अवस्था दिल्या आहेत. दृष्टीची ओढ, मनाची आसक्ती, संकल्प आणि चौथी ‘निद्राच्छेद’. कृशता, उन्माद, मूर्च्छा व मरण त्यानंतर येतात. हा क्रम लक्षात घ्या : देह खंगण्याआधी झोप तुटते.

४. परंतु जागणारा प्रत्येक जण प्रेमिकच असतो का? महाभारताच्या उद्योगपर्वात ‘प्रजागर’ नावाचे उपपर्वच आहे. पांडवांकडून परतलेला संजय धृतराष्ट्राची निर्भर्त्सना करून जातो. निरोप दुसऱ्या दिवशी सभेत कळणार असतो. राजाला झोप येत नाही. तो विदुराला बोलावतो. विदुर सांगतो : बलवानाने घेरलेला साधनहीन दुर्बल, सर्वस्व गमावलेला, कामातुर आणि चोर यांना झोप येत नाही. मग तो राजालाच विचारतो, परक्या धनाचा लोभ तर तुम्हाला जाळत नाही ना?

५. वैद्याची दृष्टी निराळी. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रा हा शरीराचा उपस्तंभ, म्हणजे आधाराचा खांब मानला आहे. निद्रानाशाची कारणे तेथे पाच : कार्य, काल, विकार, प्रकृती आणि वायू. कामाचा ताण, वय, अन्य आजार, जन्मजात ठेवण, वाताचा प्रकोप असा त्यांचा आशय. या यादीत पाप नाही आणि आळसही नाही.

६. उपायही घरगुती आहेत : अभ्यंग, स्नान, दही घातलेला भात, दूध, अंग चेपणे, सुगंध, मनाला रुचणारे ध्वनी, नीट घातलेले अंथरूण आणि झोपेची ठरलेली वेळ. दुधांचे गुण सांगताना म्हशीचे दूध निद्रानाशात हितकर म्हटले आहे.

७. हे आजचे औषधपत्र नव्हे. आठवड्यातून किमान तीन रात्री, असे तीन महिने चालले तर आधुनिक वैद्यक त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणते. गोळीपूर्वी विचार व वर्तन यांवर आधारित उपचार सुचवले जातात : उठण्याची वेळ ठाम ठेवणे, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडणे, झोपेविषयीची धास्ती कमी करणे.

८. विदुर आणि चरक यांच्यात एक साम्य आहे. दोघांनीही जागणाऱ्याला आधी ‘का?’ असे विचारले. परीक्षेच्या, कर्जाच्या किंवा विरहाच्या चिंतेने जागणाऱ्या मित्राला ‘मोबाइल ठेव आणि झोप’ असे बजावण्यापूर्वी तोच प्रश्न आपणही विचारावा. आणि उत्तर हाती लागत नसेल, तर त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावे.