विद्यापीठ विभाजन आणि महाविद्यालयीन क्रीडा-चुरशीची परंपरा : नांदेड व लातूरच्या संदर्भात

प्रस्तावना :
मराठवाड्यातील उच्च शिक्षणाच्या इतिहासाचा विचार बहुधा अभ्यासक्रम, परीक्षा व प्रशासन या अंगांनी केला जातो. विद्यापीठाची सीमा बदलली की महाविद्यालयीन संघांचे मैदानावरील प्रतिस्पर्धीही बदलतात, ही बाजू सहसा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात या बाजूची मांडणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

सीमांचे बदल :
स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याचे विद्यापीठ म्हणजे १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ होय. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेडच्या खेळाडूंची दिशा हैदराबादकडून औरंगाबादकडे वळली. लातूरचे दयानंद (१९६१), नांदेडचे यशवंत (१९६३) व लातूरचे राजर्षी शाहू (१९७०) ही महाविद्यालये याच विद्यापीठाच्या कक्षेत वाढली. सुमारे साडेतीन दशके औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, परभणी, नांदेड व लातूर येथील महाविद्यालये एकाच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाव्यवस्थेचे घटक होती.

१७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. नांदेड, लातूर व परभणी हे जिल्हे (१९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला हिंगोलीही) नव्या विद्यापीठाकडे आले. औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे राहिले. किनवट वा देगलूरच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या कामासाठी औरंगाबाद गाठावे लागत होते, हे ध्यानात घेता या विभाजनाची गरज निर्विवाद होती.

विभाजनाचा मैदानावरील परिणाम :
आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनाच प्रवेश असतो. त्यामुळे १९९४ नंतर सीमेच्या दोन बाजूंची महाविद्यालये आपापल्या विद्यापीठाच्या स्पर्धेत परस्परांसमोर येण्याचा मार्ग बंद झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा उस्मानाबादमधूनच वेगळा झाला. लातूरहून धाराशिवचे अंतर नांदेडच्या अंतराच्या जवळपास निम्मे आहे. खो-खो हा धाराशिवचा लौकिक असलेला खेळ. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेल्या व २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या सारिका काळे याच मातीतल्या. असा तुल्यबळ शेजारी असताना लातूरच्या महाविद्यालयाला त्याच्याशी हक्काचा सामना उरला नाही.

अर्थात पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि राज्याचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव यांत दोन्ही विद्यापीठांचे संघ सहभागी होतात. परंतु तेथे महाविद्यालय नव्हे, तर विद्यापीठाचा निवडक संघ उतरतो आणि सामना होणे कार्यक्रमपत्रिकेवर अवलंबून असते. निवड न झालेल्या बहुसंख्य खेळाडूंना तो अनुभव मिळत नाही. दुसरीकडे, विभाजनाने नांदेड-लातूर ही चुरस अधिक ठळक केली, हा लाभही नोंदविला पाहिजे.

अन्यत्रचे अनुभव :
हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा नाही. रणजी करंडक स्पर्धेत विभागवार रचनेमुळे मुंबई व महाराष्ट्र यांचा साखळी सामना दरवर्षी ठरलेला असे. २००२-०३ पासून ‘एलिट’ व ‘प्लेट’ गट आले आणि ही हमी संपली. दोन्ही संघ एका गटात आले तरच साखळीत गाठ पडू लागली. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हाच पेच वेगळ्या रीतीने हाताळला गेला. तेथील ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ या महासंघाने १९९२ मध्ये पूर्व व पश्चिम असे गट केले. अलाबामा व टेनेसी हे जुने प्रतिस्पर्धी वेगळ्या गटांत गेले, तरी त्यांचा वार्षिक सामना नियमानेच राखून ठेवला गेला. याउलट २०१२ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठ या महासंघात गेल्यावर टेक्सास विद्यापीठाशी असलेला त्याचा वार्षिक सामना खंडित झाला. तो २०२४ मध्ये, टेक्सासही त्याच महासंघात आल्यावर, पुन्हा सुरू झाला. नियमात जागा मिळालेली चुरस टिकली. जागा न मिळालेली चुरस जनमानसात कितीही खोल रुजलेली असली, तरी बारा हंगाम थांबली.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, क्रीडा-चुरस ही केवळ भावनेवर जगत नाही. तिला वेळापत्रकात निश्चित स्थान लागते. १९९४ ची सीमा बदलण्याची आवश्यकता नाही. दोन्ही विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी परस्पर संमतीने खो-खो, कबड्डी यांसारख्या एक-दोन खेळांत सीमेलगतच्या महाविद्यालयांचा एक वार्षिक सामना निश्चित करावा, एवढेच पुरेसे आहे. सत्र परीक्षा व प्रवासखर्च या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच हा सामना एका दिवसाचा, एका वर्षी लातूरला तर पुढील वर्षी धाराशिवला, असा असावा. त्याच्या निकालाचा विद्यापीठाच्या संघनिवडीशी संबंध नसावा. दोन्ही महाविद्यालयांनी त्याची नोंद आपल्या वार्षिकांकात करावी, म्हणजे पुढील पिढीला हा इतिहास केवळ आठवणींतून शोधावा लागणार नाही. विभाजनाच्या वेळी सांगाती बदलतात, हे अपरिहार्य आहे; परंतु ज्याच्याशी झुंजून आपण घडलो, त्या प्रतिस्पर्ध्याला गमावणे अपरिहार्य नाही.