एसीएल पुनर्रचना

एसीएल पुनर्रचना : गुडघ्यातील तुटलेल्या पुढच्या अस्थिबंधाच्या जागी, बहुधा रुग्णाच्याच शरीरातील कंडरा कलम म्हणून बसवण्याची शस्त्रक्रिया. गुडघ्याच्या सांध्यात दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांना छेदतात. त्यांतला पुढचा तो एसीएल. लांबी सुमारे ३ सेंमी. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला पीळ पडू न देणे ही त्याची कामे. कबड्डीत पकड होताना, कुस्तीत पाय अडकून अंग फिरल्यावर, उडी मारून उतरताना किंवा दुचाकी घसरल्यावर तो तुटतो. सांध्यातील द्रवामुळे तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही. त्यामुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध जसा विश्रांतीने जुळतो, तसा हा सहसा जुळत नाही.

निदान : दुखापतीच्या वेळी ‘कट्’ असा आवाज, काही तासांत सूज आणि पुढे वळताना गुडघा निसटणे ही लक्षणे. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी सर्वांत भरवशाची. एमआरआयमध्ये गुडघ्यातील गादीची (मेनिस्कस) इजाही कळते. एक्स-रेत अस्थिबंध दिसत नाही. एक्स-रे ‘साफ’ आला म्हणून मालिशीवर महिने घालवू नयेत, कारण निसटत्या गुडघ्यात गादी झिजत व फाटत जाते.

इतिहास : इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉब्सन यांनी १८९५ मध्ये तुटलेले अस्थिबंध टाक्यांनी सांधले. हे-ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा वापरून पुनर्रचना केली. केनेथ जोन्स यांनी १९६३ मध्ये वाटीखालच्या कंडरेचे तंत्र मांडले. केन्जी ताकागी यांनी टोकियोत १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घातली होती. डेव्हिड डँडी यांनी १९८० मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने एसीएल बसवला. १९८० च्या दशकातील कृत्रिम धाग्यांचे अस्थिबंध तुटू लागल्याने व सांध्याला सूज आणत असल्याने मागे पडले.

कलमाची निवड : मूळ अस्थिबंध तरुण वयात सुमारे २,१६० न्यूटन ताण सहन करतो. वाटीखालच्या कंडरेचा १० मिमी रुंदीचा पट्टा सुमारे २,९७७, तर मांडीमागच्या दोन कंडरांची चारपदरी घडी सुमारे ४,०९० न्यूटन सोसते. मात्र प्रयोगशाळेतील ताकदीवरून निवड होत नाही.

वाटीखालच्या कंडरेला दोन्ही टोकांस हाडाचे तुकडे असतात. हाडात हाड लवकर मुरत असल्याने कलम पक्के बसते. पण पुढे गुडघे टेकताना दुखू शकते. नमाज पढणाऱ्या, फरशी बसवणाऱ्या किंवा शेतात निंदणी करणाऱ्या रुग्णाला हे आधी सांगणे आवश्यक आहे. मांडीमागच्या कंडरा घेतल्यास हा त्रास कमी होतो, परंतु गुडघा खोल वाकवण्याची ताकद काहीशी घटते. तरुण रुग्णांत हे कलम ८ मिमीपेक्षा बारीक भरल्यास तुटण्याचा धोका वाढतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची कंडरा जाड मिळते. घोट्यामागची पेरोनियस लाँगस कंडरा भारतात बरीच वापरली जाते. मात्र ती काढल्याने घोट्यावर होणाऱ्या दूरगामी परिणामांबाबत मतभेद आहेत.

बोगदे : मांडीच्या व नडगीच्या हाडांत बोगदे पाडून कलम ओवतात आणि बटण किंवा स्क्रूने पक्के करतात. पूर्वी मांडीचा बोगदा नडगीच्या बोगद्यातूनच पाडत. त्याने कलम उभे बसे. नडगी पुढे सरकायची थांबे, पण पीळ राहून जाई. आता मांडीचा बोगदा वेगळ्या छिद्रातून, मूळ अस्थिबंधाच्या ठशावर पाडतात. बोगद्याची चुकलेली जागा हे कलम निकामी होण्याचे एक मुख्य कारण आहे. कलम एका जुडीचे की दोन जुड्यांचे बसवावे हा वाद मिटलेला नाही.

पूरक तंत्र : गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने मांडीच्या पट्ट्याची जोड देणे. मांडीमागच्या कंडरांचे कलम घेतलेल्या २५ वर्षांपर्यंतच्या ६१८ रुग्णांच्या २०२० मधील अभ्यासात दोन वर्षांत जोड नसलेल्या गटात ११ टक्के, तर जोड दिलेल्या गटात ४ टक्के कलमे तुटली.

शस्त्रक्रियेची गरज : प्रत्येकाला नसते. स्वीडनमधील १२१ तरुणांच्या अभ्यासात आधी व्यायामोपचार घेतलेल्या गटातील सुमारे निम्म्यांना पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया लागली नव्हती. वळणाचे खेळ, जड काम, वारंवार निसटणे किंवा सांधता येणारी गादी असल्यास पुनर्रचना योग्य.

मराठवाडा : बीड जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) येथील स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको डायमंड लीगमध्ये पडले. एसीएल व गादीच्या इजेमुळे त्यांच्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्यांच्या नावावर आहे. या शस्त्रक्रियेसाठी सरकारी आरोग्य योजनेतील पात्रतेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनीसाकडे) चौकशी करावी.

पुनर्वसन : कलम आधी कमकुवत होते, मग त्यात रक्तवाहिन्या शिरून ते जिवंत अस्थिबंधासारखे घडते. वेदना थांबली म्हणजे कलम तयार झाले, असे नव्हे. २०१६ मधील एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत मैदानावर परतणे दर महिन्याने लांबवल्यास पुन्हा दुखापतीचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणून खेळाडूने, पालकांनी आणि प्रशिक्षकाने स्पर्धेची तारीख पाहून घाई करू नये. नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दोन्ही पायांची ताकद मोजून घेतल्यावरच मैदानात उतरावे.