मार्लवाईची पाठशाळा आणि आदिलाबादचा शालेय कारभार

कोणत्याही जिल्ह्याच्या शाळांचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे प्रथम हाती येतात ते सरकारी अहवाल, आणि त्यांत शाळा किती, शिक्षक किती, पटावरील मुले किती व खर्च किती, एवढ्या चार रकान्यांत सारा कारभार आटोपलेला असतो. परंतु आदिलाबादच्या बाबतीत या रकान्यांच्या आधी एका गोळीबाराची नोंद करावी लागते. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरांत निजामाच्या पोलिसांनी कुमराम भीम या गोंड पुढाऱ्यास त्याच्या साथीदारांसह ठार केले, आणि पैनगंगा व गोदावरी यांच्या दरम्यानच्या सागवानी रानात राहणारी माणसे काय बोलतात, काय पिकवितात व कोणत्या कारणाने जिवावर उदार होतात, हे जाणून घेण्याची गरज ज्या राज्यास तोवर वाटली नव्हती, त्या राज्यास ती एकाएकी वाटू लागली. मार्लवाई या डोंगरी खेड्यातील शाळा त्या गरजेतून निघाली, म्हणून तिचा विचार शिक्षणखात्याच्या दप्तरापेक्षा महसुलाच्या दप्तरातून सुरू करणे अधिक न्याय्य होईल.

निजामाच्या राज्यात शिक्षणाचा सरंजाम कागदोपत्री काही थोडा नव्हता. तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया अशा चढत्या पायऱ्यांचे मदरसे होते, त्यांवर देखरेख करणारे मुहतमिम होते, त्या मुहतमिमांवर सदर मुहतमिम होते, आणि सर्वांच्या माथ्यावर हैदराबादेत बसणारे नाझिम-ए-तालिमात होते. शिखरावर १९१८ साली स्थापन झालेले आणि उर्दूतून उच्च शिक्षण देणारे उस्मानिया विद्यापीठ होते, ज्याचे कौतुक त्या काळी साऱ्या हिंदुस्थानात झाले. खर्चाची एक वाट सरकारी खजिन्यातून येई, तर दुसरी लोकल फंडातून, म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा या दराने बसविलेल्या पट्टीतून. या दुसऱ्या वाटेत रानातील मुलखाचे दुर्दैव आधीच लिहून ठेवलेले होते, कारण जेथे जमिनीची मोजणी व जमाबंदी नीट झालेली नाही, जेथे सारा थोडा आणि तोही अनिश्चित, तेथे त्या साऱ्यावर बसणारी पट्टी तरी किती जमणार, आणि तिच्यातून शाळा कोठून निघणार? ज्या गावाचा सारा भारी त्याची शाळा चांगली, आणि ज्याला शाळेची निकड अधिक त्याच्या वाट्याला काहीच नाही, हा हिशोब कोणी दुष्टपणे मांडला नव्हता, पण त्याचे फळ मात्र दुष्टपणाच्या फळाहून फारसे वेगळे आले नाही.

भाषेची अडचण त्याहून मोठी होती. आदिलाबादच्या पश्चिम व उत्तर भागांत गावचा पटवारी आपले दप्तर मराठीत ठेवी, दक्षिणेकडे गेले की तेच दप्तर तेलुगूत होई, आणि गावची हद्द ओलांडून कागद तहसिलीत गेला की तो उर्दू होई. ज्या गोंड अगर कोलाम आदिवासीच्या शेताविषयी हे कागद लिहिले जात, त्याच्या घरात यांपैकी एकही भाषा बोलली जात नसे. बाजाराच्या दिवशी तो व्यवहारापुरते मराठी बोले इतकेच. पुष्कळसे गोंड तेव्हा ज्या जमिनी कसत होते त्या ‘शिवाय जमाबंदी’ म्हणून, म्हणजे पट्ट्याशिवाय, कसत होते. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या जात असताना त्यांची गावे उठविली गेली, आणि ज्यांना तहसिलीचा रस्ता व तेथील भाषा ठाऊक होती अशा बाहेरून आलेल्या लोकांनी त्याच जमिनींचे पट्टे आपल्या नावे करून घेतले. ज्या समाजाच्या राजांनी सिरपुरास व पुढे चांद्यास राज्य केले, त्याच्या वंशजांना आपल्याच शेताच्या पावतीवर काय लिहिले आहे हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे, आणि वाचणारा पुष्कळदा तोच असे ज्याला ते शेत हवे असे.

अशा वेळी या प्रदेशात आलेला गृहस्थ शिक्षणशास्त्री नव्हता. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ १९३९ साली हिंदुस्थानात येऊन पोहोचले आणि महायुद्ध पेटताच परक्या, शत्रुराष्ट्राच्या पारपत्रामुळे त्यांना हैदराबाद संस्थानातच राहणे भाग पडले. नल्लमलाचे चेंचू आणि गोदावरीकाठचे रेड्डी यांचा अभ्यास करून ते गोंडांकडे वळले, आणि उत्नूरच्या डोंगरांतील मार्लवाई या खेड्यात पत्नी बेट्टी एलिझाबेथ यांच्यासह झोपडीत राहू लागले. संस्थानचे महसूलमंत्री त्या वेळी विल्फ्रिड ग्रिगसन होते, आणि बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेला असा मनुष्य त्या जागेवर असावा, हा योग मला त्या काळच्या साऱ्या कथेतला सर्वांत भाग्याचा वाटतो. कारण हायमेनडॉर्फ यांचे अहवाल कोणत्या तरी कपाटात जाऊन पडले नाहीत, तर त्यांवर हुकूम सुटले.

१९४३ साली मार्लवाईत गोंड शिक्षण योजनेचा आरंभ झाला. शाळा काढावयाची तर शिक्षक हवेत, आणि शिक्षक बाहेरून आणावयाचे तर ते रानात टिकत नाहीत व मुलांची बोली त्यांना कळत नाही, हा अनुभव सर्वांच्या गाठीशी होता. म्हणून येथे उलटा क्रम धरला गेला. मोडकेतोडके मराठी लिहू-वाचू शकणारे जे थोडे गोंड तरुण शोधून सापडले, त्यांनाच प्रथम गोळा करून शिकविण्यात आले, आणि त्यांच्यातून जे तयार झाले ते आपापल्या मुलखातील गावांत शाळा मांडण्यास रवाना झाले. प्रारंभीची वाचनपुस्तके गोंडी भाषेत रचली गेली आणि ती देवनागरीत छापली गेली. राज्याची भाषा उर्दू असताना, लिपी मात्र पटवाऱ्याच्या मराठी दप्तराशी जुळणारी निवडणे, हा निर्णय वरकरणी लहान दिसतो. परंतु ज्या मुलाने घरच्या भाषेतील पहिले पुस्तक वाचले, तोच मुलगा त्याच अक्षरांच्या बळावर बापाच्या नावची सारापावती आणि सावकाराच्या वहीतील नोंद लावू शकला असता, ही त्यामागील दूरदृष्टी होती. या शाळेत अक्षरज्ञान कोणत्या कामासाठी द्यावयाचे हे आधी ठरले आणि अभ्यासक्रम त्यामागून आला.

जमिनीचे काम याच सुमारास चालले असल्यामुळे शाळा एकटी पडली नाही. चाळिशीच्या त्या वर्षांत आदिलाबाद जिल्ह्यात ११,००० हून अधिक आदिवासी खातेदारांना मिळून सुमारे १,६०,००० एकर जमिनीचे पट्टे देण्यात आले, आणि १३५६ फसलीत आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. पट्टा हाती असलेल्या बापाला मुलाने शिकावे असे वाटू लागते, आणि शिकलेला मुलगा पट्ट्याची राखण करू शकतो. एक खाते दुसऱ्याचे काम इतक्या सरळपणे पुढे नेत आहे असा प्रसंग आपल्या प्रशासनाच्या इतिहासात फार वेळा आढळत नाही. आज शिक्षणावरील खर्चाचा विचार करताना आपण शाळागृह, पगार आणि पाठ्यपुस्तके यांची बेरीज करतो, परंतु मार्लवाईच्या शाळांचे खरे भांडवल त्या १,६०,००० एकरांत होते, आणि ते शिक्षणखात्याच्या कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नव्हते.

या कामास एक मराठी हातही लागलेला आहे, आणि त्याची आठवण महाराष्ट्रात व्हावी तितकी होत नाही. हैदराबादच्या मुलकी सेवेतील अधिकारी सेतुमाधवराव पगडी, ज्यांना पुढे मराठी वाचकांनी शिवकालाचे व मोगलकालाचे इतिहासकार म्हणून ओळखले, ते आदिलाबादेत आदिवासींच्या कामावर नेमले गेले असता गोंडी व कोलामी या भाषा शिकले, त्यांची व्याकरणे त्यांनी लिहिली, आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत ग्रंथही सिद्ध केला. तालुक्याच्या अधिकाऱ्याने आपल्या रयतेची भाषा व्याकरण लिहिण्याइतकी आत्मसात करावी, हा आदर्श बदलीची वाट पाहत दिवस काढणाऱ्या कोणत्याही काळातील अधिकाऱ्यापुढे ठेवण्याजोगा आहे.

त्यानंतरचा काळ भराभर उलटला. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, हायमेनडॉर्फ लंडनास गेले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत जिल्ह्याचे तुकडे झाले: किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले, आणि उरलेला आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिला. काल एकाच मुहतमिमाच्या हाताखाली असलेल्या शाळा दोन राज्यांच्या दोन पद्धतींत विभागल्या. किनवटच्या शाळा नांदेडच्या आणि राजुऱ्याच्या पुढे चांद्याच्या जिल्हा परिषदेकडे गेल्या. आदिलाबादेत १९५९ च्या पंचायत राज कायद्याने प्राथमिक शाळा पंचायत समित्यांकडे व माध्यमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. लोकांच्या हाती कारभार देण्याचा हेतू उत्तम होता, पण समितीत बसलेले लोक बहुधा सखल भागातील मोठ्या गावांचे असत, आणि शिक्षकाची नेमणूक व बदली हा सत्तेचा सर्वांत सोपा विनियोग ठरतो, हे दोन्ही राज्यांनी सारखेच अनुभवले. आदिलाबादेत देवनागरीतील गोंडी पुस्तके मागे पडली, शिक्षणाचे माध्यम तेलुगू झाले, आणि गोंड मुलाला पहिल्याच दिवशी अशा शिक्षकासमोर बसावे लागले ज्याचे बोलणे त्याला कळत नव्हते व ज्याला त्याचे कळत नव्हते.

गैरहजेरीचे खापर अशा वेळी पालकांच्या माथी फुटते. हजेरीपटावर दिवाळीच्या दिवसांत गोंडांची दंडारी व घुसाडी नृत्ये निघाली की रकाने रिकामे पडतात, कापूस वेचणीला मुले शेतात असतात, चैत्रात मोहफुले वेचावयाची असतात. शाळेचे वर्ष मात्र दुसरीकडच्या ऋतुमानाप्रमाणे आखलेले असते. आश्रमशाळांनी या प्रश्नावर वसतिगृहाचा तोडगा काढला, आणि अनेक मुलांना दोन वेळचे जेवण व पुढची वाट दिली, ही गोष्ट उघड आहे. परंतु त्या तोडग्यात मुलाला गावापासून काढून शाळेकडे नेले जाते, मार्लवाईत शाळा गावाकडे आली होती, हा भेद मला क्षुल्लक वाटत नाही.

मराठीचीही येथे एक वेगळी कहाणी आहे. बेला, जैनद आणि पैनगंगेकाठच्या इतर गावांत मराठी घरची भाषा राहिली, आणि मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा तेलंगणच्या शिक्षणव्यवस्थेतही टिकून आहेत. पण त्यांचा पट आटत चालला आहे, आणि २०२२ पासून राज्याने सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम टप्प्याटप्प्याने आणल्यावर तर अधिकच. त्याहून विलक्षण अवस्था महाराष्ट्रातील जिवती तालुका आणि तेलंगणातील केरामेरी मंडळ यांच्या सीमेवरील मुकदमगुडा, परमडोली इत्यादी १४ गावांची आहे, जेथे दोन्ही राज्ये आपला हक्क सांगतात, दोन्हींची शिधापत्रिका एकाच घरात सापडते, आणि एकाच वस्तीत एका राज्याची मराठी शाळा व दुसऱ्याची तेलुगू शाळा चालते. दोन खजिने तेथे खर्च करतात, तरी गोंड मुलाच्या भाषेत पहिला धडा देण्याची जबाबदारी त्यांपैकी एकाही खजिन्यावर लिहिलेली नाही.

पुढे एक-दोन प्रयत्न झाले, त्यांना श्रेय दिले पाहिजे. २००४ साली आंध्र प्रदेशाने आठ आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण देण्याची योजना काढली, तिच्यात आदिलाबादच्या गोंडी व कोलामी होत्या, पण लिपी तेलुगू होती. आणि नारनूर मंडळातील गुंजाला गावात गोंडीच्या स्वतंत्र लिपीची हस्तलिखिते प्रकाशात आल्यावर, २०१८ साली तिला युनिकोडातही स्थान मिळाले. मार्लवाईच्या लोकांनी मात्र आपली कृतज्ञता आपल्या रीतीने राखली आहे: १९८७ साली हैदराबादेत वारलेल्या बेट्टी एलिझाबेथ यांची समाधी तेथेच आहे, आणि तिच्याजवळ हायमेनडॉर्फ यांचीही. २०१६ च्या जिल्हा-विभाजनात मार्लवाई कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले, त्यामुळे आजच्या आदिलाबादच्या कागदांत ते नावही येत नाही.

२०११ च्या जनगणनेत अविभक्त जिल्ह्याची साक्षरता ६१ टक्क्यांच्या आसपास होती, राज्याच्या सरासरीच्या बरीच खाली. या आकड्याचा विचार करताना आणखी एक निकाल डोळ्यांपुढे ठेवावा लागतो. अनुसूचित क्षेत्रांतील शाळांत सर्व शिक्षक स्थानिक आदिवासींतूनच नेमावेत, असा आदेश आंध्र प्रदेश सरकारने जानेवारी २००० मध्ये काढला होता. जाणता वा अजाणता तो मार्लवाईच्याच वाटेने जात होता. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवून तो रद्द केला, झालेल्या नेमणुकांना मात्र अभय दिले. आरक्षणाच्या मर्यादेचा प्रश्न न्यायालयाने आपल्या कसोटीवर सोडविला आणि तो त्याचा अधिकारच होता. परंतु गोंडी बोलणारा शिक्षक शाळेत असावा ही अट जातीच्या दाखल्यावर न ठेवता भाषेच्या परीक्षेवर ठेवता येते, आणि १९४३ साली मार्लवाईत ज्या तरुणांना शिक्षक म्हणून निवडले, त्यांच्यात मुख्य गुण हाच पाहिला गेला होता. उत्नूर, नारनूर आणि जैनूर येथील जागा भरताना अशी परीक्षा घेण्यास आज कोणताही निकाल आड येत नाही.