दृष्टिपटलातील एका संदेशवाहक प्रथिनाचा इतिहास

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकाचा जीव राखण्यासाठी दिलेला प्राणवायूच प्रसंगी त्याची दृष्टी हिरावून घेतो, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या मध्यास वैद्यकाच्या ध्यानी आली. बॉस्टनच्या टेरी यांनी १९४२ साली या अंधत्वाचे वर्णन केले. मेलबर्नच्या केट कॅम्बेल यांनी १९५१ मध्ये अतिरिक्त प्राणवायूकडे बोट दाखविले. परंतु प्राणवायू कमी केल्यानंतर दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या बेसुमार का वाढतात, हे कोडे कायम राहिले.

त्याचे सूत्र आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्येच सुचविले होते. प्राणवायूस आचवलेल्या दृष्टिपटलातून एखादे द्रव्य स्रवत असावे व त्यायोगे रक्तवाहिन्यांना वाढीचा संदेश मिळत असावा, असे त्यांचे अनुमान होते. ते द्रव्य हाती येण्यास चार दशके लोटली. सेंगर, ड्वोरॅक व सहकाऱ्यांना १९८३ मध्ये रक्तवाहिन्या पाझरविणारे एक प्रथिन आढळले. १९८९ मध्ये फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढविणारे प्रथिन वेगळे केले. पुढे दोन्ही एकच ठरली. त्यास ‘व्हीईजीएफ’ म्हणतात. एका पेशीतून स्रवून ते दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीस चिकटते.

१९९५ मध्ये अलोन, केशेट प्रभृतींनी उंदरांच्या पिलांवरील प्रयोगांतून उरलेली कडी जुळविली. प्राणवायू विपुल असता हे प्रथिन घटते व कोवळ्या रक्तवाहिन्या मरतात; नंतर उपासमार झालेले दृष्टिपटल तेच प्रथिन अतोनात निर्माण करते. अर्थात हे प्रथिन स्वभावतः घातक नव्हे. अकाली उणीव व अकाली अतिरेक हाच रोग होय. म्हणूनच त्यास रोखणारी औषधे अर्भकांत जपून वापरावी लागतात.

या दोन अवस्थांमधील काही आठवडे हीच उपचाराची संधी. भारतात साधारणपणे ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकाचे दृष्टिपटल ३० दिवसांच्या आत तपासावे, असा दंडक आहे. पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या विकाराचा समावेश आहे. आरंभी डोळा बाहेरून निरोगीच दिसतो. तेव्हा अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात वजन भरून घरी परतलेल्या अशा बालकाची दृष्टी, पालकांना ही तारीख वेळीच सांगितली गेली की नाही, यावर अवलंबून राहते.