तालीम

आम्ही इंदिरानगरात राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मध्यंतरी वर्गातला एक मुलगा कबड्डी खेळताना गुडघा दुखावून घरी बसला. भेटायला गेलो तेव्हा त्याचे अब्बा म्हणाले, "सर, खेल बहोत हुआ. अब तालीम पे ध्यान देने दो." आम्ही मान डोलावली; पण परतताना तो शब्द मनात घोळत राहिला.

तालीम हा मूळ अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत मात्र तो थेट तांबड्या मातीत उतरला आणि कुस्तीच्या आखाड्याचे नाव झाला. उस्तादचा वस्ताद झाला. कुस्ती, पहिलवान, जोर हे शब्द फारसीतून आले. अब्बांनी ज्या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या केल्या, त्या एकाच शब्दात नांदत आल्या आहेत. त्या एकत्र नांदल्याचा दाखला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात सापडतो.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (जन्म १९२६) तिथले विद्यार्थी. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला गेले, तर लहान चणीमुळे त्यांना नकार मिळाला. प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांनी परवानगी दिली आणि या पोराने थोराड गड्यांना पाडले, असे सांगतात. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत पाय रुततो, पाठ लागेपर्यंत कुस्ती चालते. गादीवर पाय घसरतो आणि गुण मोजले जातात. मातीतल्या पहिलवानाला हे सारे नवे होते.

१९५२ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या इशीशी दमवणारी लढत झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी खेळायला बोलावले गेले. नियमाने अर्ध्या तासाची विश्रांती होती, पण ती मागणारा एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता.

कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्या लढवून प्राचार्यांचे घर सोडवले. पुढे गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ऑलिंपिकची वाट बंद झाली. पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४मध्ये ते अपघातात गेले; अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. २०२४ला पॅरिसमध्ये ते मिळवणारा स्वप्निल कुसाळेही कोल्हापूर जिल्ह्यातलाच, आणि नेमबाजी शिकायला तो आमच्या नाशिकात राहिलेला.

या कहाणीत आम्हाला पदकाहून तो अर्धा तास मोठा वाटतो. घर गहाण ठेवण्याची ऐपत प्रत्येक शिक्षकाची नसते. पण थकलेल्या, दुखावलेल्या पोराच्या बाजूने "थांबा, याला दम घेऊ द्या" एवढे म्हणणे तर आपल्या हातात असते. आम्ही त्या घरी तेही न म्हणता मान डोलावून आलो होतो.

आठवड्याने पुन्हा गेलो. म्हणालो, "भाईसाहब, आधी गुडघा बरा होऊ द्या. मग मैदान की पुस्तक, ते ठरवू. दोन्ही तालीमच आहे."

अब्बा काही बोलले नाहीत. मुलाने मात्र पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे पाहिले.