थकलेल्या घोड्याचा दाणा

सुरतेचे नाव निघाले की मराठी मनाला १६६४ साल आठवते. शिवाजी महाराजांच्या घोड्यांच्या टापा ऐकू येतात. पण ज्याची दौड संपली, त्या घोड्याचे पुढे काय? याचेही एक उत्तर सुरतेनेच दिले आहे.

मुंबईची गाडी भेस्तान मागे टाकून या शहरात शिरते. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री येथे आला होता. शहरापासून मैलाच्या आत वाण्यांनी चालविलेले जनावरांचे रुग्णालय त्याने आपल्या १६९६ सालच्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. गाई, घोडे, शेळ्या, कुत्री. कोणी आजारी, कोणी लंगडे, कोणी वयाने थकलेले.

अशी भूतदया टिकते कशी? १८३४ साली जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरापोळ स्थापिली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर धर्मादाय पट्टी बसवून घेतली. कळवळा ओसरला तरी वैरण थांबू नये, ही त्यातली दूरदृष्टी.

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या घोडागाड्या बेकायदा ठरविल्या, आणि घोड्यांच्या पुनर्वसनाचा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. कायदा साज उतरवू शकतो; दाणा मात्र रोज कोणी तरी घालावाच लागतो. त्यासाठी पैसा देणारा हात हवा, तसाच पहाटे उठून खूर धुणाराही हवा. त्यांपैकी एक हात जरी आखडला, तरी ठाणावरचा मुका जीव उपाशी राहतो.