खंजिरीची थाप

आमचे आंबागड तुमसरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. गावावर जो किल्ला उभा आहे तो १७०० च्या सुमारास देवगडच्या गोंड राजाच्या, म्हणजे बख्त बुलंदाच्या अमदानीत राजाखान पठाणाने बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा बंदिखाना केला. आतल्या विहिरीचे कुजके पाणी कैद्यांना पाजून मारीत, असे जुनी माणसे अजून सांगतात. पाहुण्याला आम्ही हा किल्ला मोठ्या हौसेने दाखवतो. मात्र किल्ल्याखालच्या घराघरांत खुंटीला टांगलेली एक वस्तू कुणी कुणाला दाखवीत नाही. ती वस्तू म्हणजे खंजिरी. आज तिचा इतिहास सांगायचा आहे. तो सांगताना मला थोडी माझी चूकही कबूल करावी लागेल.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईला माझा एक जुना विद्यार्थी नागपुराहून आला. त्याच्या पाठीवर गिटार होती. आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे धान कापणीच्या दिवसांतली जत्रा. रात्री दंडार, खडी गंमत चालते आणि परगावी गेलेला प्रत्येक जण त्या दिवशी घरी येतो. या मुलाने मला मोबाइलवर एका अमेरिकन वादकाचे वादन ऐकवले. मी दोन मिनिटांत कान झाकले आणि म्हणालो, "अरे, हा नुसता गोंगाट आहे!" तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या पहिल्या कादंबरीत तुम्ही खंजिरीलाही हेच म्हटले आहे." मला उत्तर सुचले नाही.

त्या वादकाचे नाव जॉनी रामोन. खरे नाव जॉन कमिंग्ज. जन्म १९४८ चा, न्यूयॉर्कचा. पुढे नामांकित होण्यापूर्वी तो बांधकामावर मजुरी करीत असे. १९७४ मध्ये त्याने पन्नासेक डॉलरांत मोसराइट नावाची एक स्वस्त गिटार घेतली आणि चार जणांचा 'रामोन्स' हा ताफा उभा राहिला. गिटारवादक सामान्यतः तारांवरून हात खाली नेतो आणि वर आणतो. हा मात्र प्रत्येक आघात वरून खालीच करी, आणि तोही विलक्षण वेगाने. मध्येच थांबून बोटांची करामत दाखवणे त्याला मान्य नव्हते. ही रीत त्याने लेड झेपेलिनच्या एका गाण्यातून उचलली आणि सबंध गाणे त्याच एका चालीवर तोलून धरले. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या तबकडीत चौदा गाणी आहेत आणि ती अर्ध्या तासाच्या आत संपतात. रंगमंचाबाहेर मात्र हा मनुष्य कारकुनासारखा शिस्तीचा होता. त्याला बेसबॉलचे वेड होते, भयपटांची भित्तिपत्रके तो जमवी, आणि प्रत्येक कार्यक्रमाची नोंद वहीत ठेवी. २,२६३ कार्यक्रम करून हा ताफा १९९६ मध्ये थांबला. जॉनी २००४ मध्ये वारला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एकच वाद्य, एकच आघात, शिकवणी नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटावे की हे मलाही जमेल. हे सारे मी लहानपणापासून घरात ऐकत आलो होतो.

आमच्या विदर्भात खंजिरीला मान मिळाला तो तुकडोजी महाराजांमुळे. त्यांचे नाव माणिक बंडोजी इंगळे, जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. शाळा अर्ध्यावर सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांपाशी ते राहिले, आणि भाकरीच्या तुकड्यावर जगणारा हा पोर म्हणून 'तुकड्या' हे नाव पडले. तेच त्यांनी आपल्या भजनांत अखेरपर्यंत मिरवले. भजने रचली ती मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत. भाषा बाजारात बोलतात तशीच. हाती वाद्य घेतले ते सर्वांत स्वस्त. लाकडाचे एक कडे, एका बाजूला ताणून डकवलेले कातडे, कड्याच्या खाचांत पितळेच्या चकत्या. डावा हात कडे धरतो, त्याचीच बोटे कातड्यावर दाब देऊन आवाज चढवतात, उतरवतात. उजवा हात थाप देतो. दव पडले की कातडे सैल होते आणि शेकोटीवर धरले की पुन्हा बोलू लागते. हे गवयाच्या बैठकीचे वाद्य नव्हे. हजारो माणसांच्या मैदानात, चालता चालता वाजवायचे वाद्य आहे.

त्या थापेचे वजन सरकारला लवकर कळले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटली. महाराजांच्या भजनांनी माणसे उठली असा ठपका आला आणि त्याच महिन्यात त्यांना चांद्यात पकडून नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले. भजनासाठी तुरुंग! आमच्या किल्ल्याच्या बंदिखान्याशेजारी ही गोष्ट वाचताना मला ती फार दूरची वाटली नाही. सुटल्यावर त्यांनी काम पुढे चालू ठेवले. पहाटे ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि मधल्या वेळात झाडू घेऊन गावसफाई, हा गुरुदेव सेवा मंडळाचा नित्यक्रम झाला. १९५५ मध्ये ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. १९६८ मध्ये मोझरीला त्यांनी देह ठेवला. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या या माणसाचे नाव २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला दिले गेले.

पुढे अकोला जिल्ह्याच्या सत्यपाल महाराजांनी एकीच्या जागी सात खंजिऱ्या मांडल्या आणि दारू, हुंडा, अंधश्रद्धा यांवर कीर्तने केली. सात स्वरांच्या सात खंजिऱ्यांवरून त्यांचे हात फिरू लागले की तबल्याचीही आठवण होत नाही.

मला जॉनीची आणि महाराजांची बरोबरी करायची नाही. एकाने तरुणांचा कंटाळा वाजवला, दुसऱ्याने गावाची झोपमोड केली. दोघांचे मार्ग वेगळे. पण एक गोष्ट दोघांनीही केली. कला ही थोड्यांची मिरास आहे, ही समजूत त्यांनी मोडली. महाराजांच्या मागे गावोगाव भजनी मंडळे निघाली, आणि त्यांतल्या शेतकऱ्यांना कुणी गुरू लागला नाही.

त्यांतलेच एक माझे वडील. दिवसभर धानाच्या बांधीत राबून रात्री ते मंडळात बसत. लहानपणी त्यांनी एका मेळ्यात महाराजांना ऐकले होते, तेवढेच त्यांचे संगीतशिक्षण. मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, कादंबरी लिहिली, आणि तीत एक खंजिरीवाला रंगवला. बेसूर, वेंधळा, लोकांच्या हसण्याचा विषय. गावात कुणीतरी ती पाने वडिलांना वाचून दाखवली. ते मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खंजिरी खुंटीला गेली. मी विचारले, तेव्हा एवढेच म्हणाले, "तुले आता खंजिरी कायले पायजे, बापू?" पुढे ते गेले, आणि ती खुंटीवरच राहिली.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी मी ती उतरवली. कातडे सैल पडले होते, दोन चकत्या गळून गेल्या होत्या. माझा विद्यार्थी शेकोटीपाशी गिटार घेऊन बसला होता. मी खंजिरी विस्तवावर धरली. थोड्या वेळाने थाप दिली, तर ती बोलली. मला ताल सांभाळता येत नव्हता. त्या मुलाने हात खाली, पुन्हा खाली, असा चालवत मला तो सांभाळून दिला.

आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर सहा मुले माझ्याकडे येतात. मी त्यांना शिकवत नाही, कारण मलाच येत नाही. आम्ही वडिलांच्या जुन्या सोबत्याला बोलावतो. तो वाजवतो आणि आम्ही ऐकून तसे वाजवतो. माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तर ते प्रकरण मी गाळणार नाही. पुढे एक प्रकरण जोडीन.